कथा आत, लेखक बाहेर

लेखकमंडळींत वावरलं की किस्से साठत जातात. कपाटावर फेकलेल्या जुन्या पिशव्यांसारखे! टाकवत नाहीत, आणि शोधायला गेलं तर हवा तो हाताला लागत नाही. आठवतायत तोवर सांगतो. त्यांतले खरे किती आणि मी नकळत सजवलेले किती, याची खात्री मला नाही. तशी मला कशाचीच खात्री नसते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दर शनिवारी संध्याकाळी घाटकोपरच्या एका शाळेत आमचं कथामंडळ भरायचं. चौथीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. मंडळाचा जीव म्हणजे अण्णा. मूळचे मालवणकडचे, नोकरी गोदीत, आणि कथा अशी लिहायचे की वाचून झाल्यावर आपण पुन्हा पेन उचलूच नये. दुसऱ्या कुंदाताई. बँकेत होत्या, दोन कादंबऱ्या नावावर, जीभ तिखट. आणि मी, ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ, डॉक्टरेट मिळवलेला, पन्नाशी उलटलेला. मला एकच जाणून घ्यायचं होतं. आपण लेखक आहोत, की नुसतेच वाचक? आणि तेही अण्णांच्या तोंडून.

\*

अण्णांच्या कथांतली माणसं इतकी खरी कशी? मी विचारलं. "रविवारी माझ्याबरोबर मासळीबाजारात चला," ते म्हणाले.

गेलो. हात मागे बांधून उभा राहिलो आणि निरीक्षण सुरू केलं. पाच मिनिटांत समोरच्या कोळणीनं टोपली मागे ओढली. शेजारणीनंही ओढली. मग पहिली कडाडली, "काय रं, म्युन्सिपालटीचा का तू?"

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, बघायचं असेल तर आधी पापलेट घ्या. रिकाम्या हातानं बघणारा माणूस सगळ्यांना इन्स्पेक्टर वाटतो!"

तेव्हापासून मी निरीक्षणाला पिशवी घेऊन जातो. आम्ही घरी शाकाहारी आहोत, ही गोष्ट वेगळी.

\*

कुंदाताईंचे संवाद फार तोकडे असत. दोन-तीन शब्दांत माणूस उभा! ही शैली कुठून आली, म्हणून मी मोठा अभ्यासपूर्ण प्रश्न विचारला.

"शैली कसली? भिंतीपलीकडे सासू झोपलेली असते. माझी माणसं हळू आणि थोडकंच बोलतात."

घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं. माझे संवाद लांबतात, ते बहुतेक आपल्या घरी फार मोकळीक आहे म्हणून, असंही म्हणालो.

"मग माझ्या आईला बोलावून घेऊ का?" ती म्हणाली.

\*

अण्णांनी एकदा मला छापायला जाण्याआधीची कथा दाखवली. तिच्यात खाडीवरच्या संध्याकाळचं वर्णन होतं. मी भारावून म्हणालो, "अण्णा, हा सगळ्यात सुंदर परिच्छेद!"

अण्णांनी पेन काढलं आणि तो पुरता खोडला. "तुम्ही गोष्ट सोडून माझ्याकडे बघायला लागलात. म्हणजे मी तिथे मिरवतोय."

एका चांगल्या परिच्छेदाचा खून माझ्या हातून झाला होता! पुढची कथा आली तेव्हा मी जिभेला कुलूप घातलं. शेवट तर इतका आवडला होता की रात्री झोप लागली नाही.

"शेवट कसा वाटला?" अण्णांनी विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो.

अण्णा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

\*

आमच्या मंडळाचा एक रिवाज होता. आपली कथा आपण वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची. आणि वाचन संपेपर्यंत लेखकानं वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसायचं. "लेखक समोर असला की लोक कथा ऐकत नाहीत, त्याचं तोंड बघतात," हे अण्णांचं म्हणणं.

माझी पहिली कथा वाचून झाल्यावर कुंदाताई पदरानं वारा घेत बाहेर आल्या. "डॉक्टर, तुमच्या पहिल्या वाक्यात मी तीनदा श्वास घेतला. दमेकऱ्यानं वाचली असती तर केस झाली असती!"

अण्णा नुसतं म्हणाले, "तुम्ही फार समजावून सांगता. वाचक काय तुमच्याकडे शिकवणीला आलाय?"

त्यानंतर दोन वर्षं मी व्हरांड्यात बसण्याचं धाडस केलं नाही.

\*

मग एक कथा झाली. गिरणी बंद पडलेली, तरी रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारा थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे कथा सांगणाऱ्याची वहिनी. हीही जमली नाही, तर पुन्हा लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या शनिवारी शाळेसमोरच्या हॉटेलात बसून शेवटचं पान चौथ्यांदा सुधारलं, उशीर झाला म्हणून धावत वर गेलो, गठ्ठा कुंदाताईंच्या हातात दिला आणि व्हरांड्यात येऊन बसलो.

आतून कुंदाताईंचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. घामानं अंग भिजलं. रुमाल काढायला शर्टाच्या खिशात हात घातला.

हाताला कागद लागला. शेवटचं पान!

वहिनीला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी ती का गप्प राहिली, हे सगळं त्या पानावर होतं. त्याच्याशिवाय कथेला अर्थ काय? आत जायला बंदी. दार वाजवावं तर वाचनाचा विचका. आणि आवाज तर केव्हाच थांबला होता. आत एकदम शांत. वाट लागली! मी उठलो, दारावर हात उगारला, आणि दार उघडलं.

अण्णा समोर उभे. चष्मा हातात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "वहिनी डबा घासून पालथा घालते आणि विचारते, 'उद्या भाजी कसली देऊ?' बस्स! तिथे थांबलात. मी असतो ना, तर आणखी एक पान लिहून माती केली असती. लेखक झालात तुम्ही."

माझा हात खिशावर गेला.

"अहो, छातीत दुखतंय का?" कुंदाताई धावत आल्या.

"नाही, नाही," मी म्हणालो. पण हात काही खाली येईना.