सकाळची चालती पेशंट

मित्रहो, पेशंट नेणाऱ्या सरकारी गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अद्याप काढलेलं नाही, याचा मी त्रिवार निषेध करतो. निपाणी येईपर्यंत पँट त्याला चिकटते.

आज बेळगावात डायलिसिसनंतर आमच्या आक्काला उभं राहवेना. झोपवून न्यायची गाडी दारात रिकामीच होती. गाड्या वाटणाऱ्या साहेबांना ती मागितली.

"सकाळी चालत आलत्या की. चालत्या पेशंटला बसायचीच गाडी."

"अहो, आता बघा की तिच्याकडं!"

"सकाळचंच धरतो आम्ही, आप्पा."

उपचारानंतरची अवस्था उपचाराआधीच जाणणाऱ्या या त्रिकालज्ञ महर्षींना साष्टांग नमस्कार. त्यांना एकदा त्याच सीटवर बसवून निपाणीला न्यावं.

वाटभर आक्का माझ्या खांद्यावर कलंडली होती. घरी उतरताना म्हणाली, "परवा मी येत न्हाय रं."

तिनं खरंच जायचं सोडलं तर ती जगणार नाही. मला त्याचीच भीती वाटतेय.