पाट मावेल एवढी खुर्ची

माउंट रोडवरच्या ज्या कचेरीत मी विमानाची तिकिटं विकत असे, तिच्या दर्शनी भागात खऱ्या विमानातल्या, इकॉनॉमी वर्गाच्या, दोन खुर्च्या ठेवलेल्या होत्या. एकमेकींना जोडलेल्या, निळ्या कापडाच्या. गिऱ्हाइकांनी बसून पाहावं म्हणून ती सोय होती. लोक बसत, पंख्याचा वारा खात, परदेशी गेलेल्या पुतण्याच्या गोष्टी सांगत आणि उठून जात. साठीचं दशक अर्धं सरलं होतं, जेट विमानांचं नवल अजून ओसरलं नव्हतं, आणि मद्रासमधल्या निम्म्या घरांना वाटे की आपलं कोणीतरी लंडनला असायलाच हवं.

मी स्वतः तोवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. पण खुर्च्यांची मापं मला पाढ्यांसारखी पाठ होती. पहिल्या वर्गाची खुर्ची किती इंच, इकॉनॉमीची किती, पाठ किती मागे जाते, गुडघ्यांपुढे किती जागा उरते. समोरचा माणूस दोन्ही भाडी ऐकायचा, मग निळ्या खुर्चीकडे बघायचा आणि मनातल्या मनात आपले गुडघे दुमडून पाहायचा. शेवटी बहुतेक सगळे एकच वाक्य बोलत: "एका दिवसाचाच तर प्रश्न आहे." मला या वाक्याची चीड होती. आमच्या घरात आत्या पस्तीस वर्षं एकेका दिवसाचाच प्रश्न सोडवत आली होती.

आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. आई गेल्यावर मला आणि माझ्या मोठ्या भावाला तिनंच वाढवलं. ट्रिप्लिकेनच्या मुलींच्या शाळेत दिवसभर गणित शिकवायची, संध्याकाळी घरचा स्वयंपाक करायची, पगार अप्पांच्या हातात ठेवायची आणि सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसायची. तेही नुसत्या जमिनीवर. घरात पाट चार होते आणि त्यांवर बसणारे आम्ही तिघं, तरी चौथा पाट भिंतीला टेकवलेला असे. तिला कोणी नको म्हटलेलं नव्हतं. घे असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्या कोणीमध्ये मीही आले.

निवृत्त झाल्यावर तिला प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मिळाले. जन्मात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावानं बँकेत काही पडलं. नेमकं त्याच सुमारास लंडनहून दादाचं पत्र आलं. वहिनीला दिवस गेले होते. दोघंही नोकरी करणारी, तेव्हा बाळाला सांभाळायला आत्यानं यावं. तिकीट इकॉनॉमीचं काढावं, एकेरी पुरे. "एकदा आली की परत कशाला जाईल? तिथे आता तिचं काय राहिलंय?" असं त्यानं लिहिलं होतं. भाडं तूर्त तिच्याच फंडातून द्यावं, हे अगदी शेवटी, समासात.

अप्पा एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क. जन्मभर पासावर फिरलेल्या माणसाला भाडं या गोष्टीचाच राग असतो. त्यांच्या मते गाडी थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकता आला की कुठलाही वर्ग पहिलाच. पत्र वाचून त्यांनी निकाल दिला: स्वस्तातलं स्वस्त तिकीट, आणि उरतील ते पैसे माझ्या लग्नाला.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले.

"तिला पाय पसरायचे नाहीतच," मी म्हटलं. "दुमडायचेत."

हे मी चिडून बोलले, पण खरंच तसं होतं. वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून आत्याच्या पायांची वाट लागली होती. पाय लोंबते सोडून तासभर खुर्चीवर बसली तरी तिचे घोटे सुजत. त्यामुळे घरात, देवळात, आगगाडीच्या बाकावर, जिथे बसेल तिथे ती मांडी घालूनच बसे. मद्रासहून मुंबई, मग मुंबईहून लंडन, मध्ये उतरत उतरत. एवढा वेळ तिनं पाय लोंबते ठेवून काढायचा, का, तर माझ्या लग्नात पंगत मोठी व्हावी म्हणून. मी ठरवून टाकलं की ती पहिल्या वर्गानं जाणार. तिचा पैसा तिच्यावरच खर्च होणार. माझ्या लग्नाची तसंही मला घाई नव्हती, आणि ज्यांना होती त्यांनी आपली पदरमोड करावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आमच्या कचेरीत आली. काखेत कापडात गुंडाळलेला पाट होता.

"हा कशाला आणलास?" मी विचारलं. "मापं मी सांगते की. इंचात लिहिलेली आहेत."

"इंचावर बसायचं नाही मला," गणिताची बाई म्हणाली. "यावर माझी मांडी मावते. हा ज्या खुर्चीत मावेल तीत मी मावेन."

तिनं पाट निळ्या खुर्चीत ठेवून पाहिला. खुर्चीच्या दोन हातांमध्ये तो जाईना. उभा केला, आडवा केला, तिरका करून दाबला. बाकावर बसलेले दोन व्यापारी हसू दाबत होते. मी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दोघांनी मुकाट्यानं वेळापत्रक वाचायला घेतलं. मग पहिल्या वर्गाच्या खुर्चीचं माप मी खडूनं टेबलावर आखलं. पाट आत आरामात बसला, वर दोन बोटं जागा उरली.

"बघ," मी म्हटलं. "आणि पैसे पुरतात. मी कालच पाहून ठेवलंय. शिवाय जेवण थाटाचं असतं, शँपेनसुद्धा देतात."

"मी फळांखेरीज काही खाणार नाही. न पिणाऱ्यालाही त्याचे पैसे पडतात काय?"

"पडतात."

"सरी. म्हणजे माझ्या वाटचं दुसरा कोणी पिणार," ती म्हणाली आणि हसली. सरी म्हणजे बरं. आमच्या तंजावरी घरात निम्मं बोलणं तमिळच्या आधारानं उभं असे.

मी फॉर्म भरायला घेतला. कुणाचंही तिकीट काढताना मला इतका आनंद झाला नव्हता. अप्पांची आणि दादाची चांगली जिरवल्याचा आनंद होता तो, आता कबूल करायला हरकत नाही. आत्या समोरून माझा फॉर्म उलटा वाचत होती. मास्तरणींना ती सवयच असते.

"यात परत येण्याचं कोठे लिहिलं आहे?"

"हे एकेरी आहे. परतीचं दादा काढेल की."

"काढीन म्हणून लिहिलंय त्यानं?"

लिहिलेलं नव्हतं. आत्या निळ्या खुर्चीच्या कडेवर टेकली. पाट तिनं मांडीवर घेतला होता. उदाहरण समजावून सांगावं अशा आवाजात ती म्हणाली, "मला कुंभकोणाहून इकडे धाडलं तेव्हा मामंजी स्वतः स्टेशनावर आले. तिकीट त्यांनीच काढलं. सेकंड क्लासचं. त्यांच्या घरातलं कोणी तोवर सेकंड क्लासात बसलेलं नव्हतं. खिडकीची जागा होती, गादी मऊ होती. चार दिवस भावाकडे राहा, आम्ही बोलावून घेतों म्हणून सांगितलं. अजून बोलावताहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी तिच्या बाजूनं तावातावानं भांडत होते, पण तुला काय हवं, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. अप्पांनी तिच्या पैशातून माझं लग्न लावायचं ठरवलं होतं आणि मी त्यातून अप्पांवर सूड उगवायचं. दोघांनीही तिचा पैसा आपल्याच कामाला लावला होता.

"एवढ्या पैशांत जाऊन-येऊन होतं काय?" तिनं विचारलं.

"इकॉनॉमीचं होतं. पण आत्या, तुझे पाय..."

"सुजतील. सुजलेले पाय उतरतात." तिनं पाट पुन्हा कापडात गुंडाळला. "तो फॉर्म फाड आणि दुसरा घे."

संध्याकाळी घरी व्हायचा तो तमाशा झाला. अप्पा म्हणाले, पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा, त्याच्याकडे जाताना परतीचं तिकीट घेऊन जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं आहे. लोक ऐकतील तर काय म्हणतील?

"अक्का, तुझा त्याच्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे," आत्या म्हणाली. "तिकीटही आहे." आणि ती ताक घुसळायला आत गेली.

महिनाभरानं ती गेली. पोचल्यावर तिचं पत्र आलं, चार ओळींचं. पाय खांबासारखे सुजले, दोन दिवसांनी उतरले, बाळ अजून यायचं आहे, थंडी फार. पुढे मुलगी झाली. मग आत्याच्या पत्रांत तिच्याशिवाय दुसरा विषयच नसे. वाचताना मला वाटे, आता ही कसली परत येते.

दादालाही तसंच वाटलं असावं. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर त्यानं मला पत्र लिहिलं. आत्याच्या तिकिटाचा परतीचा भाग नुसता पडून आहे, वर्ष उलटलं की रद्द होईल. तो परत करून पैसे मिळतात का? मी कचेरीच्या कागदावर, टाइप करून, बहिणीचं एकही अक्षर न घालता उत्तर धाडलं: मिळतात, प्रवाशाची सही लागते.

त्यावर आत्याचं पत्र आलं. "दादानं सहीचा कागद चार वेळा पुढे केला. कागद चांगला जाड आहे. मी त्याच्या पाठीवर बाळाच्या दुधाच्या वेळा लिहून भिंतीला लावला आहे." मी ते पत्र कचेरीत वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की मॅनेजर केबिनबाहेर आले.

अकराव्या महिन्यात ती निघाली. कोणी भांडून पाठवली नव्हती, कोणी अडवलीही नव्हती. दादा विमानतळावर रडला, असं तिनंच मला नंतर सांगितलं. बाळाला वहिनीच्या हातात देताना तीही रडली आणि रडत रडतच विमानात चढली. येऊ नये असं वाटत असताना ती आली, कारण तिकिटाची मुदत संपत आली होती, आणि कधी यायचं हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

मीनंबाक्कमच्या विमानतळावर तिला घ्यायला अप्पा आणि मी गेलो होतो. मुंबईच्या विमानातून ती सगळ्यांच्या शेवटी उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी. बाहेर आल्यावर मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे, जड नाही. वर्षभर माझ्या हातचं जेवून अप्पा जरा वाळले होते.

"तिथे काही वाईट होतं काय, अक्का?" त्यांनी विचारलं.

"काहीच वाईट नव्हतं."

"मग या वयात एवढी दगदग कशाला केलीस? त्याचं कालच पत्र आलंय. पुढच्या वर्षी तुला पुन्हा बोलावणार म्हणतो."

आत्या टॅक्सीपाशी थांबली. आधी पिशवी आत ठेवली, मग वळून अप्पांकडे पाहिलं.

"येईन म्हणून लिही," ती म्हणाली. "तिकीट या खेपेला त्यानं काढायचं. दोन्हीकडचं, आणि पहिल्या वर्गाचं."