भर मे महिन्यातला शासकीय पूर

जाहीर सूचना. सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना अकोला जिल्ह्यातल्या एका गावात आज सकाळी पूर आणण्यात येत आहे. पूर टँकरने येईल. पुराच्या स्वागताला उपअभियंता साहेब जातीने हजर राहतील.

हा पूर मी आणला होता. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता. राहते अमरावतीला राजापेठेत, नोकरीसाठी अकोल्याला अप-डाऊन करते. गावाचं नाव सांगत नाही. ते अजून माझ्याच शाखेत आहे आणि मला तिथे चहा प्यायला जावं लागतं.

गावात नलूबाईंची पिठाची चक्की. सासऱ्यांनी बांधली तेव्हा तिला तीन पायऱ्या होत्या, चढून जायच्या. मग गावात सिमेंटचा रस्ता झाला. पुढच्या सरपंचाने त्याच रस्त्यावर दुसरा ओतला. त्याच्या पुढच्याने तिसरा. जुना फोडून नवा करायचा तर फोडायचा खर्च एस्टिमेटमध्ये धरावा लागतो. वरून ओतला की खर्च वाचतो, फोटो चांगला येतो आणि आधीच्या सरपंचाचं काम गाडलं जातं, हा आनंद वेगळाच. अशा रीतीने रस्ता वर गेला आणि चक्की न हलता खाली गेली. मग दळणाचा डबा घेऊन पायऱ्या उतराव्या लागायच्या.

पावसाचं पाणी डबा न घेताच उतरायचं. दोन पावसाळे मोटर पाण्यात जाऊन जळाली. दोन्ही वेळा अकोल्यात तिची तार नव्याने गुंडाळून आणली. दुसऱ्या वेळी कारागीर म्हणाला, "बाई, अजून एकदा भिजली तर माझ्याकडे आणू नका. भंगारवाल्याकडे न्या." मोटर उचलून वर ठेवावी म्हणाल, तर ती चक्कीच्या काँक्रीटच्या पायात बोल्टने आवळलेली असते. मोटर वर न्यायची म्हणजे चक्कीच नव्याने बांधायची. नलूबाईंचा नवरा गेलेला, मुलगी बारावीत. घर चालत होतं ते चक्कीच्या त्या पट्ट्यावर.

उपाय साधा होता. रस्त्याच्या पलीकडे नाला आहे. चक्कीपासून नाल्यापर्यंत रस्त्याखालून एक आडवा पाइप टाकायचा. मी लेव्हल घेतल्या. म्हणजे तिपाईवर दुर्बीण लावून कुठली जागा किती उंच, किती खाली, हे मोजलं. अख्ख्या गल्लीचं पाणी चक्कीतच येणार, हे आकडेच सांगत होते. फाइल केली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेब पुण्याकडचे. सज्जन माणूस, पण कागदावर विश्वास नाही. सरकारी नोकरीत असा माणूस क्वचितच सापडतो, आणि सापडतो तो आपलाच साहेब निघतो.

"नवा रस्ता आहे, मॅडम. हमीच्या मुदतीत आहे. आपण फोडला की ठेकेदार हात झटकणार."

"सर, लेव्हल बघा ना."

"कागदावर नदीसुद्धा डोंगर चढते. मला पाणी दाखवा."

"मे महिन्यात?"

"इंजिनिअर तुम्ही आहात."

झालं. मी टँकरवाल्या युनूसभाईंना फोन लावला. "युनूसभाई, एक टँकर पाणी पाहिजे. खारं चालेल, बोअरचं. रस्त्यावर सोडायचंय. साहेब येणार आहेत बघायला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहीर खणा, बोअर मारा, जमिनीतून निघतं ते खारट पाणी. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. पिण्याचं गोडं पाणी नळाला येतं, पण उन्हाळ्यात कधी येईल ते नळालाही माहीत नसतं.

ठरल्या दिवशी साहेब आले. टोपी घालून चक्कीच्या समोर सावलीत उभे राहिले. सरपंच बंडूभाऊ, म्हणजे तिसऱ्या थराचे निर्माते, उत्साहाने फुलले होते. रस्ता मोकळा राहावा म्हणून त्यांनी पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा केला होता, "टँकरचं पानी रोडवर सोडून राहिलो. गाड्या बाजूले घ्या. कोनी आडवं येऊ नये."

गल्लीच्या वरच्या टोकाला युनूसभाईंनी टँकर उभा केला. मी जवळ गेले तर झाकणातून गार वास आला. बोअरच्या पाण्याला असा वास नसतो.

"युनूसभाई, हे कुठलं पाणी?"

"हिवरखेडकडून आनलं, मॅडम. एकदम मीठा."

"मी खारं म्हटलं होतं."

"म्हटलं होतं ना. पन साहेब येऊन राहिले अन् त्याइच्यासाठी खारं पानी आनू? मले नाई बरं वाटलं."

परत पाठवायला वेळ नव्हता. व्हॉल्व्ह उघडला. आणि काय सांगू, पाणी माझ्या लेव्हलप्रमाणे निघालं. डावीकडे वळायचं तिथे वळलं. मंदिराच्या ओट्याला वळसा घालायचा तिथे घातला. मी साहेबांच्या शेजारी उभी राहून क्रिकेटची कॉमेंटरी करतात तशी करत होते. "सर, आता बघा, उजवीकडे येईल." ते उजवीकडे आलं. इतका आज्ञाधारक पूर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात एक म्हातारी गुंड घेऊन आली. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची कळशी. तिने वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं हाय व माय."

ती हळूच म्हणाली होती. पण काही वाक्यांना भोंगा लागत नाही. दारं उघडली. बकेटा आल्या, डबे आले, लग्नातले हंडे आले. एकाने खांद्यावरचा दुपट्टा काढून रस्त्यावर आडवा अंथरला आणि चिखलाने त्याची पाळ केली. मागे तळं साचलं, त्यात लोटे बुडू लागले.

"बंडूभाऊ, थांबवा त्यांना," मी म्हटलं.

"कसं थांबवू, मॅडम? पंचायत निवडनूक हाय ना पुढं." एवढं बोलून ते घराकडे वळले आणि हाक मारली, "अवो, दोन बकेटा आन."

साहेब बघत होते. पूर वाटेतच आटत होता. शेवटी बोटाएवढी धार उरली, पण ती बिचारी निष्ठावंत निघाली. उतरत उतरत थेट चक्कीच्या पहिल्या पायरीशी आली.

"सर, आलं बघा. उंबरठ्याकडेच चाललंय."

दारात नलूबाई उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पीठ मळायची कोपर, म्हणजे परात, उचलली, खालच्या पायरीवर ठेवली आणि ती धार तिच्यात घेतली.

"नलूबाई, काय करताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हाच कळलं असावं. पण कोपर त्यांनी हलवली नाही.

"काय करू, मॅडम? गोडं पानी चिखलात जातानी पाहवते का?"

साहेब खाली वाकले, उंबरठ्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला पीठ होतं. पाणी नव्हतं.

"अहो, एवढं पाणी गावच उचलून नेतं," साहेब म्हणाले, "तर पाइप कशाला हवा?"

सगळे हसले. नलूबाईपण हसल्या. मीसुद्धा हसले असेन, साहेबांच्या विनोदाला हसायची आमची सवय आहे. पण साहेबांनी तो विनोद जीपमध्ये बसून फाइलवरही लिहिला. "प्रात्यक्षिकादरम्यान सदर ठिकाणी पाणी पोहोचल्याचे आढळून आले नाही. सबब कामाची आवश्यकता दिसून येत नाही."

अकोला येईपर्यंत मी भांडले. "सर, ते पाणी गोडं होतं म्हणून."

"मॅडम, जे डोळ्यांनी दिसलं ते लिहिलं. न दिसलेलं लिहू का?"

माणूस खोटं बोलत असेल तर भांडता येतं.

जुलैत पाऊस आला. दुपारी सुरू झाला आणि थांबायचं विसरला. पाणी डावीकडे वळायचं तिथे वळलं, ओट्याला वळसा घालून उजवीकडे आलं आणि पायऱ्या उतरून चक्कीत गेलं. माझ्या लेव्हल तंतोतंत बरोबर होत्या. आयुष्यात इतकं बरोबर असून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मोटर गेली. या वेळी अकोल्याला कोणी नेली नाही.

पाइप पुढे मंजूर झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी स्वतः उभी राहून टाकून घेतला. उत्तम चालतो. रिकाम्या खोलीत पाण्याचा थेंब येत नाही. गावातल्या बाया आता दळण शेजारच्या गावाला नेतात आणि नलूबाई तूर निंदायला जातात. मी एवढंच शिकले की पावसाळ्याचा पुरावा पावसाळ्यातच गोळा करावा, आणि तोवर ज्याचं जायचं ते गेलेलं असतं.

पण मला आठवतो तो त्या जुलैतल्या पंचनाम्याचा दिवस. साहेब पँट दुमडून चक्कीत उभे होते, गुडघाभर गढूळ पाण्यात. पीठ वर तरंगत होतं. नलूबाई जात्याच्या खोक्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, पाणी कधीपासून आहे. नलूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या दाराबाहेर, मोकळ्या गल्लीकडे पाहत होत्या. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आज काहून कोनी गुंड घेऊन नाई आलं?"