मंग ती बाई कथा जाई?

दवाखान्यातलं काही बाहेर बोलायचं नाही, असा डॉक्टर हंसाबेनचा कडक नियम होता. तो आम्ही पाळला, म्हणूनच किस्से एवढे साचले! बाहेर बोलणारीचे किस्से बोलून संपतात, आमचे पोटातच राहिले. आता दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. हंसाबेन मुलाकडे बडोद्याला राहायला गेल्या आणि मी रिटायर झाले. परवा त्यांना फोनवर विचारलं, "बेन, आता सांगू का?"

म्हणाल्या, "सांग. नावं बदल. आणि मला जाडी म्हणू नकोस!"

तर नावं बदलली आहेत. आणि हंसाबेन जाड नव्हत्या.

मी शोभा सिस्टर, मूळची अमळनेरकडची. नव्वदीच्या दशकात सुरतेत, गोडादऱ्याच्या रस्त्याला हंसाबेनचं छोटंसं प्रसूतिगृह होतं. खाली जरीचं दुकान, वर आम्ही. स्टाफ म्हणजे दोघी, मी आणि नवापूरची मार्था सिस्टर. पेशंट बहुतेक आपल्या खानदेशातल्याच. नवरे लूमवर, बाया घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. बाळंतपणं व्हायची आणि गर्भपातही व्हायचे. सरकारी मान्यता होती, सगळं कायद्यानं.

पण कायदा असला तरी तो शब्द तोंडातून काढायची कोणाची हिंमत!

*

बाया काउंटरशी यायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि विचारायच्या, "सिस्टर, इथं सफाई होते का?"

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एकीला मी सरळ सांगितलं, "नको बाई, आमच्याकडे आहे फरशी पुसायला. सकाळीच येऊन जाते."

ती बिचारी मान डोलावून जिना उतरून गेली!

हंसाबेनना कळलं तेव्हा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "शोभा, पळ! ती इथून गेली तर कुठं जाईल, माहितीये तुला?" मी चप्पल न घालता पळाले. रिक्षा स्टँडजवळ सापडली. तिला हाताला धरून वर आणलं.

दुसऱ्याच आठवड्यात हंसाबेननी पेंटर बोलावला. जिन्याच्या तोंडाशी बोर्ड लागला, गुजराती आणि मराठीत: 'येथे सुरक्षित व कायदेशीर गर्भपात केला जातो.' मोठ्या लाल अक्षरांत.

घरमालक धावत आला. "बेन, आ शुं लख्युं? हे काय लिहिलंत? इथं फॅमिलीवाले लोक राहतात!"

हंसाबेन शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर लिहिलं भाई. फॅमिलीवालेच येतात!"

बोर्ड राहिला.

*

मार्था सिस्टर कामाला आली त्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "बेन, बाळंतपणाला मी दिवसरात्र उभी राहीन. पण त्या दुसऱ्या कामाला मी खोलीत येणार नाही. माझा प्रभू मला विचारील."

मला वाटलं, झालं, ही नोकरी गेली! हंसाबेननी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको येऊस. त्या कामाला शोभा आहे. पण बाहेर बाकावर बसलेल्या बाईला तू तोंड वाकडं करून पाणी दिलंस, तर तुझ्या प्रभूच्या आधी मी विचारीन!"

मार्था म्हणाली, "मंजूर."

दोघींचा करार एवढाच. दोघींनीही तो कधी मोडला नाही.

*

एकदा एक माणूस आरडाओरडा करत जिना चढून आला. लूमवर मास्तर होता. तीन मुलं पदरात, बायकोची तांबी सरकली आणि चौथ्यांदा दिवस गेले. ती एकटी आली, मोकळी झाली आणि घरी जाऊन तिनंच त्याला खरं ते सांगितलं.

"माझ्या सहीशिवाय तुम्ही केलंच कसं? मी नवरा आहे!"

हंसाबेननी त्याला पंख्याखाली बसवलं. पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाई, बाई सज्ञान असली की तिची सही पुरते, असा कायदा आहे. पण तुमची सही करायची एवढी इच्छा असेल, तर मी कशाला नाही म्हणू?"

आणि ड्रॉवरमधून नसबंदीचा फॉर्म काढून त्याच्यापुढं सरकवला. "पेन आहे का?"

तो जो उठला! चप्पल आमच्या दारातच राहिली.

मी हसत सुटले, पण हंसाबेन हसत नव्हत्या. त्या जिन्यात जाऊन वरून ओरडल्या, "उद्या बायकोला तपासणीला पाठवा! नाही आली तर मी तुमच्या घरी येते. घर मला माहीत आहे!"

दुसऱ्या दिवशी बायको आली. हंसाबेननी तिचे हात पाहिले, पाठ पाहिली, कुठं माराचा वळ नव्हता. जाताना ती म्हणाली, "सिस्टर, त्यांची चप्पल द्या. काल अनवाणी आले घरी, कोणी विचारलं तर सांगत होते, देवळात चोरीला गेली!"

*

पुढचा किस्सा हसायचा नाही. पण तो गाळून बाकीचे सांगितले, तर ते खोटं बोलल्यासारखं होईल.

कडोदऱ्याची विमल. दोन लहान मुलं. ती आधी तिकडच्याच एका दवाखान्यात गेली होती. त्यांनी सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये. नवरा गावी गेलेला. मग वस्तीतल्या एका बाईनं पोट पाडायला आत काडी घातली. ताप चढला, अंगावरून जायला लागलं, तेव्हा शेजारीण तिला रिक्षात घालून आमच्याकडे घेऊन आली. भर दुपार होती.

हंसाबेननी सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाल्या, "हिला रक्त लागेल. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं, आत्ता." मी काही करायच्या आधी मार्था रिक्षात बसलेली! विमलचं डोकं मांडीवर, एका हातात सलाइनची बाटली.

वाटेत विमलनं तिला विचारलं, "सिस्टर, माले पाप लागी का?"

मार्था म्हणाली, "तुला ताप लागलाय बाई. पापाचं मी बघते. तू फक्त डोळे उघडे ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल गेली.

मार्था आली, तिनं हात धुतले. कितीतरी वेळ धूत होती. मग हंसाबेनच्या केबिनच्या दारात उभी राहिली.

"बेन, शुक्रवारी दुपारची मला सुट्टी पाहिजे. दर शुक्रवारी."

"कशाला?"

"गल्ल्यांमधून फिरायचंय."

*

शुक्रवार लूमच्या सुट्टीचा. मार्था गोडादऱ्याच्या गल्ल्यांत ओट्यावर बसायची, बायांबरोबर साडीला टिकल्या चिकटवायची आणि बोलायची. एकदा मी बरोबर होते.

"मला विचाराल तर मी हे करणार नाही. कोणाला कर म्हणूनही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण एखादीनं ठरवलंच असेल, तर काडीवालीकडे जाऊ नका. डॉक्टरकडे या, लवकर या. देवाला सगळ्यांनीच भेटायचंय, पण म्हातारं होऊन भेटा!"

बाया खळखळून हसल्या. तेवढ्यात तिथल्या मंडळाचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली की सगळ्यात आधी पोचायचा. पण हे त्याला पटत नव्हतं.

"सिस्टर, त्या पोटातल्या जिवाचा कोणी विचार करायचा? आणि तुम्ही तर ख्रिश्चन! तुमच्या धर्मात हे चालतच नाही."

"नाही चालत," मार्था म्हणाली.

"मग?"

"मग बाई मेलेलीही चालत नाही, भाऊ."

भाऊ निघाले. पटलं असं काही म्हणाले नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी ऊन फार होतं, तर मंडळाच्या ऑफिसचं कुलूप उघडून त्यांनी पंखा लावून दिला!

*

आता तुम्ही म्हणाल, हंसाबेन कोणालाच नाही म्हणत नसतील. म्हणायच्या की!

एकदा गाडीतून सासू-सून उतरल्या. बड्या घरच्या, अंगावर सोनं. सुनेला दोन मुली. कुठूनतरी सोनोग्राफी करून आलेल्या, तिसरीही मुलगीच आहे म्हणे. सासूनं पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मोकळी करा."

हंसाबेननी सासूला बाहेर बसवलं आणि सुनेशी एकटीशी बोलल्या. मी तिथंच होते.

"बेटा, तुला काय पाहिजे?"

सुनेनं दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मम्मीजींना विचारून सांगते."

हंसाबेननी नकार दिला. सासू भडकली. "झोपडपट्टीवाल्यांचं करता, आमचं का नाही? आम्ही काय फुकट मागतोय?"

"मुलगी आहे म्हणून मी करत नाही. दुसरं काही असेल तर ती एकटी येऊन मला सांगू दे."

त्या गेल्या. सून परत आली नाही. पुढं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही.

पण मला राहवेना. चहाच्या वेळी मी विचारलं, "बेन, तुम्हीच म्हणता बाईची मर्जी. उद्या एखादी एकटी येऊन म्हणाली, मलाच मुलगी नको, तर?"

हंसाबेननी बशीत चहा ओतला. "तर मी नाही म्हणेन. आणि घरी जाऊन मला झोप येणार नाही. प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे असतं, असं कोणी सांगितलं तुला?"

मार्था हळूच म्हणाली, "म्हणजे बेन, तुमचीपण एक खोली आहे. जिथं तुम्ही जात नाही."

हंसाबेननी तिच्याकडे पाहिलं. "आहे ना," म्हणाल्या, आणि आपला अर्धा चहा तिच्या कपात ओतला.

*

हंसाबेन मराठी शिकल्या त्या आमच्या पेशंटकडून. म्हणजे अहिराणीच! त्यांना वाटायचं, हीच मराठी. आतापर्यंतचं त्यांचं बोलणं मी तुमच्यासाठी साध्या मराठीत करून सांगितलं.

एकदा त्यांना पुण्याला डॉक्टरांच्या एका परिषदेचं बोलावणं आलं. मला घेऊन गेल्या. मोठा हॉल, स्टेजवर मोठमोठे डॉक्टर. एका वयस्कर डॉक्टरांनी छान भाषण केलं. जीव कधी सुरू होतो, डॉक्टरचा धर्म काय, वगैरे. माणूस कळकळीनं बोलत होता, मलाही ते कुठंतरी लागलं. शेवटी म्हणाले, "अशी स्त्री आपल्याकडे आली, तर तिला नम्रपणे परत पाठवण्याचं धैर्य आपण दाखवलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. हंसाबेन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमनं भाषण माले आवडनं."

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, "ही कुठली मराठी!" मी खुर्चीत खाली सरकले.

हंसाबेनना काही फरक नाही! त्यांनी पुढं विचारलं, "तुम्ही तिले परत धाडी दिनं. मंग ती बाई कथा जाई?"

मग ती बाई कुठं जाईल?

हसणं थांबलं. त्या वयस्कर डॉक्टरांनी माइक हातात घेतला. मग म्हणाले, "बाई, त्याचा मी विचार केला नव्हता. तुम्ही इथं वर येऊन बोला."

हंसाबेन वर गेल्या आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बोलल्या. अहिराणीत!

*

शेवटचा हा सांगते आणि थांबते.

कोसाडहून उत्तमदादा आले होते. रेल्वेत गँगमन, भुसावळकडचे. दारात "जयभीम सिस्टर" म्हणाले आणि बाजूला झाले. मागं मुलगी होती, संगीता. एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. लग्नाचं वचन देणारा मुलगा बेपत्ता झाला होता.

उत्तमदादा हंसाबेनना म्हणाले, "डॉक्टर, भाऊबंद म्हणतात, हिला घराबाहेर काढ. मी म्हटलं, तुम्ही माझ्या घराबाहेर व्हा. पोरगी काय म्हणते ते तुम्ही तिलाच विचारा. मी बाहेर बसतो."

हंसाबेननी विचारलं. संगीताचं ठरलेलं होतं. उत्तमदादा बाहेर बाकावर बसले. सगळं नीट पार पडलं. दुपारनंतर मी संगीताला धरून बाहेर आणलं, आणि पाहते तर समोरच्या बाकावर लक्ष्मीबाई!

लक्ष्मीबाई त्यांच्याच गल्लीतल्या, सुनेच्या तपासणीला आलेल्या. आवाज असा, की त्यांना कळलं म्हणजे अख्ख्या कोसाडला कळलं. संगीतानं ओढणीत तोंड लपवलं. उत्तमदादांचा चेहरा पांढराफटक पडला.

लक्ष्मीबाईंनी संगीताला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिन्यावरचा बोर्ड त्यांनीही वाचला असणारच. बाकावरच्या सगळ्या बाया आमच्याकडे बघत होत्या. आणि लक्ष्मीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय उत्तमदादा, पोरीला कावीळ झाली ना? तरी म्हटलं, चेहरा का उतरलाय!"

उत्तमदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाला खोटं बोलायची सवयच नव्हती.

काउंटरवरून मार्था म्हणाली, "हो. कावीळच आहे. आराम सांगितलाय."

मार्थाला मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी खोटं बोलताना ऐकलं नाही.

पुढं संगीता वडिलांबरोबर तपासणीला आली. तब्येत चांगली सुधारली होती. हंसाबेननी विचारलं, "जेवते का नीट?"

"जेवायला पोटात जागाच राहत नाही डॉक्टर," ती म्हणाली. "उसाचा रस पिऊन पिऊन कंटाळले!"

"अख्खी गल्ली कावीळ उतरवायला लागलीय," उत्तमदादा म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ रस येतो. कोणी मुळ्याची भाजी आणतं, कोणी काविळीची माळ. ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं, त्यासुद्धा तांब्या घेऊन येतात, हिच्या डोक्यावरून हात फिरवतात, अभ्यास कर म्हणतात."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"पण डॉक्टर, मी दारातच उभा असतो. एवढ्या बाया आल्या आणि गेल्या. पिवळे झालेत का बघू म्हणून, आजपर्यंत एकीनंही हिचे डोळे पाहिले नाहीत!"