व्हिजिट फी

भाईंदर पूर्वेतल्या झाडून सगळ्या डॉक्टरांची फी तोंडपाठ असणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे काका. नव्वदच्या सुमाराला आम्ही केबिन रोडजवळ राहायला आलो, तेव्हा माझं नावही न विचारता त्यांनी कुठला डॉक्टर तपासण्याचे किती घेतो, इंजेक्शनचे किती आणि आजारपणाच्या दाखल्याचे किती, हे सगळं जिन्यातच ऐकवलं. सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचं पित्त खवळायचं. "फुकट तपासतोय तो मान वर करून बघत पण नाय. फी घेणारा निदान 'कसे आहात' विचारतो!"

काकू वारलेल्या, एकुलता मुलगा मस्कतला. दर रविवारी सकाळी काकांना काहीतरी व्हायचंच. मग हा रोगी स्वतः चालत जाऊन नेहमीच्या डॉक्टरांना घेऊन यायचा, त्यांची बॅग उचलून तीन जिने भराभर चढायचा आणि घरात शिरल्यावर पलंगावर आडवा होऊन कण्हू लागायचा. नळाला दिवसाआड पाणी, पण डॉक्टरांचे हात धुवायला भरलेली कळशी, नवा साबण आणि काकूंनी कडेला फुलं भरलेला टॉवेल तयार असे. मग चहा, आणि चहाबरोबर मुलाची जुनी पत्रं. डॉक्टर बिचारे सगळी ऐकून घ्यायचे.

एका रविवारी डॉक्टरांनी फीची नोट परत केली. "काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही. यापुढे तुमच्याकडून फी घेणार नाही. कधीही बोलवा, असाच येईन." बोलले ते अगदी प्रेमाने. पुढच्या रविवारी काका त्यांना आणायला गेलेच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "फी देत होतो तोवर हक्काने बोलवत होतो. आता कुठल्या तोंडाने बोलवू? त्यांचा धंद्याचा टाइम असतो, बाबा."

त्यानंतर काकांना कधी साधं पडसंही झालं नाही. टॉवेल मात्र दर रविवारी धुऊन गॅलरीत वाळत असायचा, न वापरलेला. आमच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर होतं. फुकट कोणाला बोलवायचं नाही हा त्यांचा बाणा, आणि बोलावल्याशिवाय कोणाकडे जायचं नाही ही माझी शिस्त. त्या शिस्तीची आता लाज वाटते. एखाद्या रविवारी नुसतं दार वाजवून म्हणायला हवं होतं, "काका, चहा टाका."