दुर्बिणीच्या खोलीतला माणूस

यवतमाळच्या दवाखान्यात पोटात दुर्बीण टाकतात, त्या खोलीच्या दारात तो अटेंडंट उभा असतो. उपाशीपोटी आलेल्या प्रत्येकाला आधी तोंड उघडायला लावतो, कारण आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणं खाण्यात धरत नाहीत. बाबांना त्यानं दोनदा परत पाठवलं. "पुन्हा खर्रा? काहून जी, जीव नको झाला का? जा, उद्या या!"

आज तपासणी झाली. डॉक्टर अजून काही बोलले नव्हते. पडद्यावर पोटात काय दिसलं ते त्यानं मात्र पाहिलं होतं. बाबांनी त्यालाच विचारलं, "आता खर्रा खाऊ का जी?"

त्यानं बाबांना हात धरून बाकावर बसवलं. "गळ्याचा बधिरपणा गेला की खा, काकाजी."

बाबा खूश झाले. सगळं ठीक आहे म्हणून तो तसं म्हणाला, की आता अडवून उपयोग नाही म्हणून? घरातला पहिला पदवीधर मी. तरी मला त्याला विचारवलं नाही.