एकेक स्टॉप मागं

शिनोलीच्या भागुजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं भीमाशंकर ते पुणे ह्या एकाच रस्त्यावर गेली. घोडेगाव, मंचर, खेड, चाकण, भोसरी, शिवाजीनगर. खड्डा कुठं आहे, उतार कुठं लागतो, कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात, सगळं त्यांच्या हातापायांत मुरलेलं होतं. गाडी वेळेवर लावणं ही त्यांना नोकरी वाटत नव्हती, ती इज्जत होती. बाप दुसऱ्याच्या बांधावर राबून गेलेला. बुद्धवाडीत पहिला पगार आला तो भागुजींच्या घरात. खाकी कपड्याला त्यांनी कधी सुरकुती पडू दिली नाही.

तेव्हा भोसरी म्हणजे मोकळं माळरान होतं. माळावर कारखाने उभे राहताना त्यांनी स्टिअरिंगवरूनच बघितले. कारखान्यांमागून माणसं आली. मराठवाड्यातली आली, खानदेशातली आली, पार बिहारकडची आली. भागुजी खूश व्हायचे. बायकोला, केशरबाईला सांगायचे, "आपल्या कपिलला हितंच चिकटवायचा. पुणं काय आता लांब ऱ्हायलंय व्हय?"

कपिल आयटीआय करून भोसरीत एका कारखान्यात लागला. लोणीच्या स्नेहाशी त्याचं लग्न झालं. ती लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली, चिंचवडच्या एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. दोघांनी भोसरीत एक खोली घेतली. खोली लहान होती, पण कपिलला कामावर चालत जाता यायचं. भागुजी रिटायर झाले त्या साली नात मैत्री जन्मली आणि त्यांना वाटलं, आता आपलं मार्गी लागलं.

पण दोन वर्षांत भोसरीच्या घरमालकाने चाळ पाडून सहा मजले चढवायला घेतले. कपिल मोशीला गेला. मोशीत दर अकरा महिन्यांनी भाडं वाढायचं आणि उन्हाळ्यात टँकर यायचा. तिथून तो चाकणला मेदनकरवाडीत गेला. तिथं एका माळ्यावर दहा बिऱ्हाडं आणि संडास दोन. मध्ये दोघांनी एका फ्लॅटची चौकशी करून बघितली. त्यांची थोडी जमवाजमव होईपर्यंत भाव त्यांच्या पुढं निघून जायचा, म्हणून तो नाद त्यांनी सोडला. चाकणहून ते खेडला आले. पारावर बसलेल्या सावळेरामने एकदा विचारलं, "कपिल कुठं असतो रं आता?" तेव्हा भागुजी हसून म्हणाले, "पोरगं एकेक स्टॉप मागं येतंय बघ."

खेडलाही भाडं परवडेना, तेव्हा एका रविवारी कपिल ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आबा, आमी घरीच येतो."

केशरबाईने पुढच्या आठ दिवसांत मागची खोली सारवली, पत्रे बदलून घेतले, मैत्रीसाठी पलंग आणवला. मैत्रीचं नाव गावातल्या शाळेत दुसरीत घातलं. घर भरलं. निदान पहिला आठवडाभर तरी सगळ्यांना तसंच वाटलं.

मग रोजचं सुरू झालं. कपिलच्या कंपनीची बस मंचरपर्यंत यायची. ती धरायला तो पाचला मोटारसायकल काढायचा. स्नेहाची ड्यूटी आठची, म्हणून ती त्याच्याही आधी उठून पहिल्या एसटीने निघायची. येताना चाकणला अडकून पडायचं. दोघं घरी यायची तेव्हा मैत्री झोपलेली असायची, जायची तेव्हाही झोपलेलीच. केशरबाई म्हणायची, "पोरं घरी आलीत म्हंत्यात लोकं. मला तर तेंची निस्ती कापडंच दिसत्यात, धुवाया टाकलेली."

भागुजींना हे मनापासून पटायचं नाही. पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरला तीन-साडेतीन तास कसे लागतात? त्यांच्या मनात कुठंतरी होतं की आजकालच्या ड्रायव्हरांना चालवता येत नाही.

नोव्हेंबरात स्नेहाला दवाखान्यातून निरोप आला. ती इतकी वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच होती. आता तीन जागा कायम भरायच्या होत्या, बुधवारी सकाळी दहाला मुलाखत. कायम झालं तर दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या मिळण्याची आशा होती. सगळे पुन्हा एका जागी, कामापासून हाकेच्या अंतरावर. स्नेहा दोन दिवस पुस्तकं काढून बसली. तिची सगळी काळजी एकच होती, वेळेवर पोचण्याची.

"तू कशाला एसटीत लोंबकळती?" भागुजी म्हणाले. "सावळेरामची व्हॅन मागतो. मी सोडतो तुला. दहा म्हंजी नऊलाच दारात उभी करतो."

कपिल म्हणाला, "आबा, आता रस्ता पह्यल्यासारखा न्हाई."

"मला रस्ता शिकवतो व्हय रं?"

बुधवारी सव्वापाचला ते निघाले. भागुजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. धुकं होतं, पण घोडेगाव, मंचर भराभर मागं पडलं. साडेसहाला खेडचा बायपासही मागं पडला. भागुजी रंगात आले. कुठल्या साली कुठं पंक्चर झाली, कुठल्या बाईला गाडीतच कळा लागल्या, सांगत सुटले. स्नेहाही हसत होती.

मग तिने फोन काढला. "आबा, चाकणला लाल दाखवतंय."

"किती लागंल?"

"चाकण सुटायलाच दीड तास. पण सरळच जाऊ. मी रोज बघते ना, हळूहळू सरकतं. साडेआठ-पावणेनऊला मोशी येतं."

भागुजींनी गाडीचा वेग कमी केला. "फोनला काय कळतंय? हितनं डावीकडं आत घेतली की शेलपिंपळगाव. तितनं आळंदी, आन् आळंदीवरनं मोशी. हायवे बंद व्हता तवा मी एसटी आनलीया ह्या रस्त्यानं. कुत्रं नसतंय रस्त्याला."

स्नेहा काहीतरी बोलणार होती. ओठ हललेले त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून स्पष्ट बघितले. पण सासऱ्यापुढं ती गप्प बसली. भागुजींनी डावीकडं वळण घेतलं.

पहिले चार किलोमीटर सुंदर गेले. दोन्ही अंगांनी ऊस, मोकळा रस्ता. "बघ!" भागुजी म्हणाले. पाचव्या किलोमीटरला ऊस संपला आणि इमारती लागल्या. त्यांनी ह्या जागी कधी एक वीटसुद्धा बघितली नव्हती. खाली गाळे, वर पाच मजले, गॅलऱ्यांत वाळत घातलेले युनिफॉर्म. रस्ता मात्र तेव्हाचाच, एका एसटीपुरता. त्यावर कंपन्यांच्या बसेस, पाण्याचे टँकर, रिक्षा आणि मोजता येणार नाहीत इतक्या मोटारसायकली. चाकणचं लाल जे स्नेहाला दिसलं होतं ते ह्या सगळ्यांनाही दिसलं होतं, आणि आत वळायची अक्कल सगळ्यांनाच सुचली होती.

शिक्रापूर रस्त्याच्या तिठ्यावर एक लांबलचक कंटेनर वळताना फसला होता. मागचं चाक गटारात, तोंड आडवं. पुढं जायला जागा नव्हती. मागं बघितलं तर मागंही गाड्यांची भिंत झाली होती. भागुजी खाली उतरले, पुढं चालत गेले, हात करून चार मोटारींना मागंपुढं घ्यायला लावलं. एका पोरसवदा ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "काका, तुम्ही पोलीस आहात का?" ते परत येऊन बसले.

आठ वाजले. साडेआठ झाले. स्नेहाने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सांगितलं की नाव पुकारलं तेव्हा हजर नसेल तर पुढचं नाव घेतात, साहेब लोक बारापर्यंतच आहेत. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि फाइल छातीशी धरून समोर बघत राहिली. भागुजींना वाटलं, हिने आता तरी बोलावं. मी म्हटलं होतं, एवढं तरी म्हणावं.

सव्वानऊला ती म्हणाली, "आबा, मी उतरते. पुढं चालत जाते, कुणीतरी मोटारसायकलवर घेईल."

"मी येतो."

"गाडी कुठं टाकणार?"

खरंच होतं. दुसऱ्याची गाडी, रस्त्याच्या मधोमध. एकतीस वर्षं रोज शेकडो माणसं पोचवलेला ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसून राहिला आणि त्याची सून नव्या साडीच्या निऱ्या उचलून बंपरांच्या फटीतून वाट काढत गेली. तिची जांभळी साडी एका टँकरच्या मागं गेली, पुन्हा एकदा दिसली, मग दिसली नाही. मागचा हॉर्न वाजवत होता. कुणासाठी वाजवत होता, कोण जाणे.

कंटेनर अकराला निघाला. भागुजी मोशीला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. फोनवर ठरल्याप्रमाणे ते तिथल्या पुलाजवळ थांबले. तीनच्या सुमाराला स्नेहा रिक्षातून उतरली. साडीच्या काठाला ग्रीस लागलं होतं. ती दवाखान्यात पोचली ती सव्वाबाराला. साहेब उठून गेले होते. टेबलावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं आणि पुढच्या भरतीला बघू म्हणाला.

ती शेजारी येऊन बसली, दार ओढून घेतलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही जेवलात का?"

भागुजींनी गाडी सुरू केली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ते नंतर कितीदा तरी केशरबाईला म्हणाले.

डिसेंबरअखेर दवाखान्याने स्नेहाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. उशिराचे शेरे फार झाले होते. तिला घोडेगावात एका छोट्या लॅबमध्ये काम मिळालं, निम्म्याहून कमी पगारावर. दोन महिन्यांनी कंपनीची बस मंचरऐवजी चाकणपर्यंतच येऊ लागली, तेव्हा कपिलने भोसरीत एका खोलीत खाटेपुरती जागा घेतली. सात जण राहतात, खाटा चार. पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपतात. ज्या गल्लीत त्याने लग्नानंतर पहिलं बिऱ्हाड मांडलं होतं, त्याच्या पलीकडचीच गल्ली.

भागुजी एकदा खेडला गेले. त्यांच्या गाडीवर वीस वर्षं कंडक्टर असलेले हौशीराम तिथं राहतात. त्यांच्यापुढं सगळं ओकलं.

हौशीराम म्हणाले, "तू एकटा जाम करतो व्हय, भागू? चाकनातनं गेला असता तरी काय, तीच गत. त्या दिवशी तिकडंबी दोन तास बंद व्हतं म्हंत्यात."

"आसंल. पर ती सरळ चल म्हनली व्हती. आन् मी ऐकलं न्हाई."

"मग आता काय करायचं म्हंतोस?"

"तेच तर कळंना. कुनाकडं जायचं आन् काय मागायचं? मानसं येऊ नका म्हनू? तीबी आपल्या कपिलसारखीच आल्याली. रस्ता मोठा करा म्हनू? तेचं तर वीस वरीस चाललंय."

हौशीरामांनी चहा पुढं केला. दोघं तो बशीत ओतून प्याले.

आता कपिल रविवारी येतो. म्हणजे यायचं असतं; महिन्यातले दोन रविवार ओव्हरटाइममध्ये जातात. मागच्या रविवारी आला तो दुपारी एकला. जेवला आणि पलंगावर आडवा झाला तो झोपलाच. मैत्रीने शाळेतली चित्रं दाखवायला काढून ठेवली होती. ती उशाशी बसून राहिली. केशरबाई म्हणाली, "उठव की." मैत्रीने मान हलवली, "नको, दमलेत." साडेचारला स्नेहानेच त्याला हलवलं, कारण पाचची गाडी चुकली की सोमवारची पाळी चुकते.

भागुजी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. गाडी भीमाशंकरहून गच्च भरून आली. कंडक्टरने हात हलवला, जागा नाही म्हणून. ड्रायव्हरने मात्र भागुजींना ओळखलं आणि ब्रेक दाबून गाडी थोडी थांबवली. कपिल पायरीवर चढला, दांडी धरली. त्याच्या पाठीवरची पिशवी दाराबाहेर राहिली होती. "आत सरक, आत," भागुजी म्हणत होते, पण आत सरकायला जागाच नव्हती.

ते घरी आले तेव्हा स्नेहा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मिळाली गाडी?"

"मिळाली."

"जागा?"

भागुजींनी चपला काढल्या, माठातलं पाणी घेतलं आणि तांब्या तसाच हातात धरून उभे राहिले. "दारात हाय," ते म्हणाले. "मंचरला व्हईल थोडी रिकामी."

मंचरला ती रिकामी होत नाही. हे तिलाही माहीत होतं. ती तांदूळ निवडत राहिली.